अर्धी उठलेली म्हैस

मी घर सोडलं तेव्हा आई कणगी लिंपत होती. पावसाळ्याआधी धान्याच्या कणगीच्या भेगा शेणामातीनं बुजवाव्या लागतात, नाहीतर किडा शिरतो, आणि त्या कामाला आमच्या घरात तिच्याशिवाय कुणाचा हात चालत नसे. उजाडायला लागलं होतं. आबा काठी घेऊन अंगणात उभे होते. मी आत जाऊन तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "जा आता. हात शेणाचं हायेत, पोटाशी धरता यायचं न्हाई." आणि पुन्हा लिंपायला लागली. मी उंबऱ्याबाहेर पडले तेव्हा मागून तिचा आवाज आला, "तिथं तरी बूड टेक एका जागी."

एवढाच निरोप. रडारड झाली नाही. तोरण्याच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत तेव्हा मोजकी घरं, आणि त्या वेळी सगळी कामात. वेल्ह्याहून नसरापूरपर्यंत आम्ही पायी आलो आणि तिथून पुण्याला जाणारी सर्व्हिस मोटार धरली. आता माझ्या पुतण्याचा टेम्पो सकाळी दूध घेऊन निघतो आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो, त्यामुळे मी हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. त्या रस्त्याचा मला एक उपयोग झाला. चालताना मागं वळून बघायला वेळ मिळाला, आणि मी वळून बघितलं नाही.

वाडीवर राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघंही मला विचारतात की तू चित्रं काढायला कशी लागलीस. काहींना वाटतं, कुणा मोठ्या माणसानं हात धरला. काहींना वाटतं, मी घरातून पळून गेले. दोन्ही खोटं आहे. म्हणून लिहिते.

माझं लग्न लहानपणीच भोंगवलीच्या घरात झालं होतं. नवरा तापानं गेला तेव्हा मी अजून नांदायलाही गेले नव्हते. त्याचा चेहरा मला आठवत नाही आणि आठवतो असं सांगणार नाही. आमच्या लोकांत विधवेचा पाट लागतो. दुसरं लग्नच ते, फक्त वाजंत्री नाही आणि मांडव नाही. आबांनी किकवीचा एक बिजवर बघून ठेवला होता. त्याला शेत होतं, बैल होते, पहिल्या बायकोची पोरं होती. माणूस वाईट नव्हता. मला जायचं नव्हतं, आणि का नाही ते मला सांगता येत नव्हतं.

घरात माझं चित्त लागत नसे हे खरं. चुलीपुढं बसले की राखेत बोटानं रेघा ओढायच्या. नाचणी खळ्यावर आली की तिची कणसं हातात घेऊन बसायचं, कारण नाचणीचं कणीस माणसाच्या अर्धवट मिटलेल्या मुठीसारखं असतं आणि एकासारखं दुसरं नसतं. भिंतींना गेरू मीच द्यायची आणि गेरू वाळला की त्यावर चुन्यानं काढत सुटायची. खेकडे, घोरपडी, कारवीचं फूल. एक भिंत भरली की दुसरी. आबा म्हणायचे, आपल्या घराला भिंती चारच हायेत हे हिला कुणीतरी सांगा.

मला चौथीपर्यंत शिकवलेले शाळामास्तर एकदा आमच्याकडे ताक प्यायला थांबले आणि भिंती बघत बसले. त्यांनीच आबांना सांगितलं की पुण्यात बायकांची एक शाळा आहे, राहायची सोय आहे, शिवण, विणकाम आणि चित्रकला शिकवतात आणि विधवांना वर्षभर फुकट ठेवून घेतात. मग कितीतरी दिवसांनी आबा जेवता जेवता म्हणाले, "एक वरीस. तिथं पुढं ठिवून घेतली तर ऱ्हा. न्हाईतर गपगुमान किकवीला." वर्षभर ते वाक्य माझ्या कानात होतं. पेन्सिल धरताना होतं आणि जेवतानाही होतं.

पुण्यात मला पहिले काही दिवस काहीच जमलं नाही. चित्रकला शिकवायला गद्रे मास्तर यायचे, बारीक माणूस, कोटाच्या खिशात खडू आणि त्यामुळे कोट कायम पांढरा. ते बाटलीत एक पान खोचून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, समोर दिसतं ते काढा. मी उंबराचं पान शिरांसकट पुरतं काढलं. त्यांनी कागद उचलला आणि म्हणाले, "हे तुला माहीत असलेलं पान आहे. मला समोरचं पाहिजे." समोरचं पान माझ्याकडे कड करून बसलं होतं. तिथून दिसत होती नुसती एक रेघ. मला ती लबाडी वाटली. मी म्हटलं, "मास्तर, ही रेघ बघून शेळीसुद्धा तोंड लावायची नाही." सगळ्या पोरी हसल्या. माझ्या शेजारी शांता नावाची भोरची मुलगी बसायची, वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते, बोलणं अगदी धुतलेलं. ती त्या दिवसापासून मला वेल्ह्याची शेळी म्हणायला लागली. मी तिला काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

पण ती रेघ काढायला मला पावसाळा लागला. रबर झिजलं, कागद फाटले. मग एके दिवशी कडेचं पान जमलं आणि ते खरोखर पान दिसलं, भिंतीवरच्या माझ्या सगळ्या पानांपेक्षा जास्त. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं बघत नव्हते, आठवत होते. आनंद वगैरे झाला नाही. चीड आली, की हे कुणी आधी का नाही सांगितलं.

पेन्सिल जमली तशी मला पेन्सिल नकोशी झाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तुरीच्या काड्या डब्यात कोंडून भाजल्या आणि कोळसा केला. कोळशानं काढलेलं पुसता येतं, फासता येतं, बोटानं सावली पडते. कोळसा जमायला लागला तशी रंगांकडे नजर गेली. जलरंगाचा वॉश म्हणजे रंग थोडा, पाणी फार, आणि एक थर वाळेपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प बसणं. ते मला कधीच जमलं नाही. मी ओल्यावर ओलं घालायची आणि आकाशाचा चिखल करायची. मास्तर म्हणायचे, सरू, तुला पुढच्या स्टेशनावर उतरायचं असतं आणि गाडी अजून सुटलेली नसते. रविवारी पोरी पर्वतीवर जायच्या. मीही गेले. तिला डोंगर म्हणणाऱ्यांनी एकदा तोरण्याखाली उभं राहून बघावं. वर उभी राहिले की दक्षिणेकडे बघून जीव तुटायचा आणि खाली उतरले की परत वेल्ह्याला जावं लागेल या भीतीनं कागद पुढं ओढायची. दोन्ही एकाच दिवशी.

थंडी सरता सरता मास्तरांनी शाडू आणला. मातीला हात लागला आणि मला जरा बसता आलं. माती मला परकी नव्हती. आमच्याकडे बेंदराला मातीचे बैल घरीच करतात. आईचे बैल वाडीत सगळ्यांत चांगले. त्यांना डोळे गुंजांचे, आणि तिचा एक कडक नियम होता. डोळे सगळ्यांत शेवटी लावायचे, आणि डोळे दिले की सण झाल्यावर त्याला ओढ्यात पोचवायचं. घरात ठेवलं तर ते उपाशी राहतं आणि गोठ्यातल्या जनावराच्या वाटचं खातं, असं ती म्हणायची. आमच्यापैकी कुणी ते खरं की खोटं असा विचार केला नव्हता. पाणी उकळतं की नाही याचा कुणी विचार करतं का?

वर्षाच्या शेवटी शाळेत कामांचं प्रदर्शन भरायचं. शाळा चालवणारी मंडळी येऊन बघायची आणि चित्रकलेतून एकीला पुढच्या शिक्षणासाठी ठेवून घ्यायची. मी म्हैस करायला घेतली. उठती म्हैस. म्हैस उठताना आधी मागचे पाय उभे करते, तेव्हा पुढचे गुडघे जमिनीवर असतात आणि क्षणभर ती ना बसलेली असते ना उभी. ते मी लहानपणापासून बघत आले होते, पण आता मास्तरांनी शिकवल्यासारखं बघावं लागलं. शाळेमागं एका गवळ्याचा गोठा होता, तिथं जाऊन मी उभी राहायची. मानेला कुठं ताण येतो, फऱ्याचं हाड कुठं वर येतं, पोट कुठं लोंबतं. गवळी म्हणायचा, बाई, म्हैस विकत घ्यायचीय का? दोनदा मातीची म्हैस कोसळली, पुन्हा उभी केली. तिसऱ्यांदा उभी राहिली. त्या दिवसांत मला कशाची आठवण झाली नाही, वेल्ह्याची नाही आणि किकवीचीही नाही. माझ्या आयुष्यात असे दिवस थोडे आलेत.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मास्तर म्हशीभोवती फिरले. म्हणाले, "डोळे कुठंत?"

मी म्हटलं, शेवटी लावीन.

"शेवट झाला. आंधळी म्हैस मी मांडणार नाही."

मी काडीच्या टोकानं डोळे कोरले. म्हैस माझ्याकडे बघायला लागली. त्या दुपारी स्वयंपाकीणबाईंबरोबर मंडईत गेले तर तिथं आमच्या वाडीची चिमाकाकू करवंदांची पाटी घेऊन बसलेली. मी आनंदानं तिच्यापुढं बसले. तिनं मला आधी खालपासून वरपर्यंत बघितलं, वाळलीस म्हणाली, आणि मग सांगितलं.

"सरे, आगं तुझ्या आयेची म्हस बसलीया."

मी विचारलं, बसली म्हणजे काय?

"बसली ती उठंना. मागचं उचलती, पुढचं उचलंना. पोट फुगलंया नगाऱ्यावानी. तुझी आय तिच्याम्होरं बसून हाय, जेवली बी न्हाई."

पुढचं मी ऐकलं नाही. मागचं उचलते, पुढचं उचलत नाही. ती म्हैस शाळेत टेबलावर ओल्या फडक्याखाली होती, मी तिला तशी करून ठेवली होती आणि आज तिला डोळे दिले होते. तुम्ही आज हसाल. मीही आज सांगेन की म्हशीनं काहीतरी भलतं खाल्लं होतं. पण तेव्हा दिवसांचा मेळ मी घातला नाही, मला एकच दिसत होतं, आई तिच्यापुढं उपाशी बसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस पदराखाली घेतली आणि मुठेवर गेले. धुणंवाल्या बायका अजून यायच्या होत्या. घरी करतो तसं केलं, हळदकुंकू नव्हतं म्हणून नुसतं पाणी लावलं आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिला खाली धरली. आधी शिंगं गेली. मग पाठ मऊ पडली. हातातलं ओझं संपलं तेव्हा परत आले आणि पोटभर जेवले. मला वाटलं, मी बरोबर केलं.

प्रदर्शनात माझ्या नावाची चिठ्ठी आणि रिकामी फळी होती. मंडळींनी विचारलं, ही कुठंय? मी होतं तसं सांगितलं. एक बाई रुमालात हसल्या. एका गृहस्थांनी मला ताप आहे का असं मास्तरांना विचारलं. माझे पानांचे कागद, कोळशाचे खेकडे, चिखल झालेले वॉश, सगळं भिंतीवर होतं, पण मातीकाम नाही म्हणून काम अपुरं ठरलं. जागा शांताला मिळाली. तीही विधवाच होती आणि वडील असूनही तिला परत जायला घर नव्हतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवशी तिनं मला शेळी म्हटलं नाही. ते मला जास्त लागलं.

मास्तर ओरडतील असं वाटलं होतं. ते व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "तुझी म्हैस चांगली होती, सरू. पण ती होती, हे मी आता कुणाला कसं सांगू?"

आबा न्यायला आले. वाटेत ते किकवीविषयी एक शब्दही बोलले नाहीत, म्हणजे ठरलं होतं.

घरी पोचले तर म्हैस गोठ्यात उभी राहून रवंथ करत होती. चिमाकाकू करवंदं घेऊन निघाली त्याच संध्याकाळी आबांनी म्हशीला तेल-ओवा पाजला होता आणि दिवे लागायच्या आत ती उठून वैरण ओढायला लागली होती. मी डोळे कोरायच्या आधीच ती उठली होती, मुठेत उतरले तेव्हा तर केव्हाची. मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिची रीत सांभाळली म्हणून ती निदान बरं तरी म्हणेल. ती आधी हसली, चांगली खदखदून हसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"डोळं दिल्यालं पोचवायचं ही रीत कुनाची?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तुझी."

"माझ्या घरची. त्या साळंत काय करत्यात, ठेवत्यात का पोचवत्यात?"

"ठेवत्यात."

"मग तिथं ठेवायचं. तुला म्या तिकडं धाडली ती हितलं करायला व्हय? हितलं करायला म्या हाय की हितं."

मी तिला सांगायला गेले की मी तुझ्यासाठीच केलं. तिनं ऐकून घेतलं नाही, उठून शेणाला गेली. त्या रात्री तिनं आबांशी काय बोलणं केलं ते मला माहीत नाही. मी मात्र वाडीत फिरत राहिले. घरात बसवेना, रानात बसवेना. जे दिसेल त्याची कड दिसायची, सावली कुठं पडते ते दिसायचं, आणि हातात काही नाही. चुलीतला कोळसा घेऊन मी जुन्या भिंतींवरच्या माझ्याच जुन्या घोरपडी दुरुस्त करत बसले.

किकवीची मंडळी बघायला आली. बिजवराचा चुलता आणि बिजवराची थोरली बहीण, जाडजूड, कपाळावर मोठं कुंकू, बोलायला मोकळी. ती भिंती बघत म्हणाली, पोरीच्या हातात कला हाय जणू. आई गुळाचं पाणी घेऊन आली आणि खाली बसली.

"कला?" आई म्हणाली. "आवो बाई, ही तव्यावर भाकरी टाकून भिंतीकडं पळती. भाकरीचा कोळसा व्हतो आन् त्या कोळशाची घोरपड व्हती. आमी काय खायाचं, घोरपड?"

चुलता हसला. बहीण हसली नाही. ती म्हणाली, पोरी लग्न झाल्यावर बसतात.

"बसत असतील. ही बसायची न्हाई. पुण्याच्या शिकल्याल्या लोकास्नी बी जमली न्हाई, वरीसभर बघून परत धाडली. आता तुमी बघा. तुमच्या घराला भिंती लई असतील?"

"हायेत," बहीण म्हणाली. "पांढऱ्या हायेत. तशाच बऱ्या."

त्यांनी गुळाचं पाणी संपवलं आणि नसरापूरला मोटार गाठायची म्हणून उठले. आबा त्यांना वेशीपर्यंत सोडून आले तेव्हा त्यांचा चेहरा काळा पडला होता. म्हणाले, तू लेकीचं वाटोळं केलंस. आई भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "उद्या हिला नसरापूरला सोडून या. साळंनं फुकाट ठिवली न्हाई तर भांडी घासंल त्यांची. भांडी घासायला येत्यात तिला, तेवढं म्या शिकिवलंय."

मला तिचा भयंकर राग आला होता. पाहुण्यांपुढं जे बोलली ते सगळं खरं होतं, हा राग. परत निघताना मी पाया पडले, पण मनापासून नाही. नसरापूरला मोटारीत बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की तिनं पाहुण्यांना मुद्दाम वाटेला लावलं होतं, आणि तेव्हा उतरून परत जाण्यात अर्थ नव्हता.

पुढचं फार सांगत नाही, कारण पुढं काम आहे आणि काम सांगण्यासारखं नसतं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी भांडी घासली, दुपारी मास्तरांच्या वर्गात मागं बसले. म्हैस पुन्हा केली, डोळे कोरले, मास्तरांनी साच्यातून तिची प्लास्टरची प्रत काढली आणि ती खिडकीत ठेवली. आठवडाभर मला झोप नीट लागली नाही. वेल्ह्याहून कुणी आलं की मी आधी गुराढोरांची विचारपूस करायची. काही झालं नाही. मग मी तिच्याकडे बघायचं सोडलं आणि लाकडाकडे वळले. कापडावर छपाई करायचे ठसे कोरणारे एक कारागीर शाळेत यायचे, त्यांच्याकडून पटाशी धरायला शिकले. लाकडात घाई चालत नाही, एक टवका जास्त गेला की फूल मेलं. मी कितीतरी फुलं मारली.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली आणि विलायती रंग बाजारातून गेले. शाळेतल्या पोरी रडकुंडीला आल्या. मी गेरू आणला, चुना आणला, हळद, कात, दिव्याची काजळी. गोंदाचं पाणी घालून खलायचे आणि कचेऱ्यांतल्या रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर लावायचे. हे रंग लगेच वाळतात, थांबायला लावत नाहीत, माझ्या हाताला तेच मानवले. कारवीचा जांभळा मात्र त्यांत काही केल्या निघाला नाही आणि अजूनही निघालेला नाही. त्याच सुमारास एका छपाईवाल्यानं माझा ठसा घेतला, लुगड्याच्या काठासाठी. नाचणीचं कणीस, शेजारी शेजारी मिटलेल्या मुठी. बाजारच्या दिवशी भोरमध्ये एका बाईच्या अंगावर तो काठ दिसला. मी तिच्या मागं मागं भाटघरच्या रस्त्यापर्यंत गेले. तिनं वळून विचारलं, काय गं, काय पायजे? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग सर की.

आता गावाविषयी. बाहेर गेलेली आपली माणसं भेटली की गावाच्या आठवणीनं डोळे पुसतात. मी त्यांना सांगते, एक अख्खा पावसाळा तिथं राहून या आणि मग पुसा. आणि गावात राहिलेले म्हणतात, तुला काय, तू सुटलीस. सुटले नाही. मला गावात असताना पुणं टोचायचं आणि पुण्यात गाव टोचायचं, आणि ही टोचणी नसती तर मी पहिल्याच पानावर थांबले असते. तिला औषध नाही आणि मी शोधलंही नाही.

लढाईच्या शेवटच्या दिवसांत मी एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागले आणि कसब्यात माडीवर एक खोली घेतली. स्वतःच्या नावावर भाड्यानं घेतलेली खोली. तिच्यात ठसे, वाळत घातलेली कापडं, काजळीच्या वाट्या आणि निजायला एक पट्टा जागा. आई एकदाच तिथं आली, चिमाकाकूच्या सोबतीनं; काकू तिला दारात सोडून मंडईत गेली. मी वांग्याची भाजी केली, भात केला, तांब्या भरून पुढं ठेवला. तिनं तांब्याला हात लावला नाही. फडक्यात बांधून आणलेली नाचणीची भाकरी आणि ठेचा काढला आणि खाल्ला. मग जिना उतरून खाली गल्लीतल्या नळावर गेली आणि ओंजळीनं पाणी पिऊन आली. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच.

मला ते झोंबलं. मला वाटलं, नवऱ्याशिवाय राहणाऱ्या बाईचं घर तिला बाटलेलं वाटतं. किंवा मी तेव्हा मनापासून पाया पडले नाही, ते ती अजून मनात धरून आहे. दुपारी मी सरळ विचारलं, माझ्या पाण्यात काय विष आहे का?

तिनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी अजून राखेत रेघा ओढत बसलेय.

"खुळी का काय तू? लेकीच्या घरचं पाणी पित्यात व्हय?"

मी म्हटलं, "आये, लेकीचं घर म्हंजी सासर. हितं कोन हाय?"

तिनं खोलीभर नजर फिरवली. दोरीवरची कापडं, भिंतीला टेकवलेले बोर्ड, काळ्या झालेल्या वाट्या.

"कोन का असंना," ती म्हणाली. "दिली ती दिली."

आणि भाकरीचं फडकं झटकून घडी घालायला लागली.

आबांनी मला एकदा भोंगवलीला दिलं होतं आणि एकदा किकवीला देणार होते. आईनं कुठं दिलं ते तिनं मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं असतं असंही तिला वाटलं नसावं. ती संध्याकाळी निघाली. जाण्याआधी पुन्हा तहान लागली म्हणून खाली उतरली. मी खिडकीत उभी राहून बघत होते. माझ्या मागं तांब्या तसाच भरलेला होता, आणि खाली नळावर ती वाकून, पदर सावरत, ओंजळीनं पाणी पीत होती. कुणी मला घर कुठलं विचारलं की आता मी ती खोली सांगते.